घाट टाळून समुद्रापासून समुद्रापर्यंत

हिंदुस्थानचा नकाशा भिंतीवर टांगून त्यावर मुंबईपासून ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढणे हे पहिलीतल्या मुलासही साधेल. त्या रेघेवरून मोटार नेणे मात्र कोणासच साधावयाचे नाही, कारण नकाशाचा कागद सपाट असतो आणि भूमी तशी नसते. ह्या लेखात आम्ही एका नियोजित प्रवासाचा विचार करणार आहोत. अरबी समुद्राच्या काठावरून निघावयाचे, बंगालच्या उपसागराकडे जावयाचे आणि वाटेत तीव्र चढउताराचा एकही मोठा घाट लागू द्यावयाचा नाही. ही केवळ वर्गातील कल्पना नव्हे. हिच्यामागे एका कुटुंबाची खरी निकड होती. ती पुढे सांगू. आधी भूगोल पाहू.

मुंबईचा मनुष्य पूर्वेकडे निघाला की त्याच्यापुढे सह्याद्री उभा राहतो. ह्या पर्वताचा आकार विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घेतला पाहिजे. पुष्कळ जण त्यास दोन्ही अंगांनी सारखा उतरणारा, घराच्या आढ्यासारखा समजतात. तो तसा नाही. कोकणाकडून पाहिले तर ती एक भिंत आहे. देशावरून पाहिले तर ते एक जोते आहे, आणि त्या जोत्यावर आपण आधीच उभे असतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर दूर असेल. तरीही ती त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत पूर्वसमुद्रास मिळते. राजमहेंद्रीहून नाशकास येणाऱ्या प्रवाशाला आपण पर्वत चढत आहो असे फारसे वाटतच नाही. मुंबईहून नाशकास जाणाऱ्यास मात्र कसाऱ्याला पोचताच ते कळून येते.

ही भिंत चढण्यासाठी मनुष्याने काय काय केले तो इतिहास मोठा आहे. बोरघाटातून चाकांच्या गाडीची सडक १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकिर्दीत खुली झाली. त्याच घाटातून आगगाडी १८६३ साली वर चढली आणि थळघाटातून १८६५ साली. दोन्ही घाटांत रुळांचा चढ काही जागी ३७ ला १ इतका आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. आगगाडीच्या दृष्टीने हा चढ इतका तीव्र आहे की गाडीस मागून आणखी इंजिने लावावी लागतात. बोरघाटात रूळ सुमारे २५ किलोमीटरांत सुमारे ५५० मीटर उंच चढतात. ह्या कामी किती मजुरांनी प्राण वेचले त्याचे स्मरण खंडाळ्याच्या थंड हवेत बसून चहा पिणाऱ्यांनी एकदा तरी करावे. असो.

आता कोणी विचारील की सडक झाली, रेल्वे झाली, द्रुतगती मार्ग झाला; मग घाट टाळण्याचे कारण काय? कारण पदार्थविज्ञानात आहे आणि ते आकड्यांनी सांगता येते. माणसांसह व सामानासह पंधराशे किलोग्रॅम वजनाची मोटार ५५० मीटर खाली उतरली तर तिच्या उंचीतील ऊर्जा सुमारे ८० लक्ष ज्यूल इतकी खर्ची पडली पाहिजे. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेने ३० अंशावरील पंचवीस लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. चालकाने खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली तर ह्यातील पुष्कळशी ऊर्जा इंजिन शोषून घेते व काही वारा घेतो. परंतु ज्याने सारा उतार ब्रेकवर पाय ठेवून काढला, त्याने ती सारी उष्णता चाकाजवळच्या लहानशा लोखंडी तबकड्यांत कोंबली. तबकड्या तापल्या की पकड सुटू लागते; ब्रेकमधील द्रव उकळला तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालची पट्टी नुसतीच खाली जाते. विद्यार्थ्यांनी येथे एक भेद टिपून ठेवावा. चढताना इंजिन तापते आणि तापलेले इंजिन गाडी थांबविते. उतरताना ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक गाडी थांबवीत नाहीत. म्हणून घाटाचे भय चढाहून उताराचे अधिक. जुने चालक सांगत की ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे. ह्या एका वाक्यात वरील सारे गणित आले आहे.

आता त्या निकडीविषयी. आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे वडील सुट्टीच्या आधी आमच्याकडे आले. त्यांच्या मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे. धाकटी लेक संबलपुरास दिली होती आणि तिला पाहून सात वर्षे लोटली होती. आजीबाईंच्या कानात असा काही विकार जडलेला की वळणाच्या चढउतारावर त्यांना भयंकर घेरी येई व मग दोन दोन दिवस डोके वर काढता येत नसे. आगगाडीने का नेत नाही, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, आईला दर दोन तासांनी उतरून थोडे पाय मोकळे करावे लागतात, मध्येच आडवे व्हावे लागते. आगगाडी आमच्यासाठी थोडीच थांबणार? मोटार माझी आहे, चालवणाराही मी आहे. पण एकदा घाटाच्या उतारावर माझे ब्रेक गेले होते, तेव्हापासून आईला मागे बसवून घाट उतरण्याची माझी छाती होत नाही. तुम्ही भूगोल शिकवता. बिनघाटाची वाट आहे का?"

प्रश्न उत्तम होता आणि त्याचे उत्तर आमच्यापेक्षा तापी नदीने अधिक चांगले दिले आहे.

पश्चिम किनाऱ्याची भिंत उत्तरेकडे कोठे संपते? तापीच्या खोऱ्याशी. आपल्या द्वीपकल्पातील बहुतेक थोर नद्या पूर्ववाहिनी असता नर्मदा व तापी ह्या दोन मात्र पश्चिमेकडे वाहतात, कारण त्या सातपुड्याच्या दोन बाजूंच्या खचलेल्या भूमीतून वाट काढतात. तापी मध्यप्रदेशात मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्रास मिळते. पाणी घाट चढत नाही. ज्या अर्थी मुलताईकडचे पाणी खानदेशातून सुरतेपर्यंत येऊन पोचते, त्या अर्थी सुरतेपासून खानदेशापर्यंत हळूहळू चढणारी एक वाट असलीच पाहिजे. ज्यास डोंगर टाळावयाचा आहे त्याने आधी सडकांचा नकाशा न पाहता नद्यांचा पाहावा. सडक मनुष्याच्या सोयीने जाते, कधी राजकारणाच्या सोयीनेही जाते. नदी केवळ उताराने जाते.

नदीच्या पाठोपाठ दुसरा साक्षी रेल्वेचा. आगगाडीस तीव्र चढ सोसत नाही, म्हणून रूळ टाकणारे इंजिनियर सोप्या भूमीचा शोध फार बारकाईने करितात. सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ह्या वाटेने जळगावास जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली, आणि मुंबई प्रांताच्या किनाऱ्यास बोरघाट व थळघाट ह्यांविना देशावर चढण्याची वाट मिळाली. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. रूळ आहेत म्हणजे भूमी सपाट आहे असे सर्वत्र म्हणता येत नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. ती समुद्रालगत जाते, तरी तिच्यावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. बोगद्यांची संख्या पाहूनच ओळखावे की तेथे सह्याद्रीच्या सोंडा समुद्रापर्यंत उतरल्या आहेत. किनाऱ्याची वाट म्हणून जो दक्षिणेकडे वळेल त्यास कशेडी आणि परशुराम हे घाट आडवे येतात. कशेडीस आता बोगदा झाला आहे ही गोष्ट निराळी.

तेव्हा आम्ही त्या गृहस्थांस पूर्वेकडे जाण्यासाठी आधी उत्तरेकडे पाठविले. हे ऐकून ते जरा चकित झाले. मुंबईहून सुरतेपर्यंत सुमारे २८० किलोमीटर किनारपट्टीचा राजमार्ग आहे. मनोरच्या पुढे मेंढवणची खिंड लागते, तेवढी सांभाळावी. बाकी वापी, वलसाड, नवसारी हा सारा प्रदेश समतल. सुरतेजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ गाठावा. हा महामार्ग विद्यार्थ्यांनी अवश्य नकाशात शोधावा, कारण तो सुरतेनजीकच्या हजिरा बंदरापासून थेट ओरिसातील पारादीप बंदरापर्यंत, म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंत जातो. आमच्या प्रवासाचा कणा तोच.

ह्या महामार्गावर एके ठिकाणी मात्र त्याची साथ सोडावी असे आम्ही सुचविले. विसरवाडीच्या पुढे साक्रीकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो. तो बोरघाटाच्या मानाने लहान आहे, पण लहान घाटात अपघात होत नाहीत असे कोणी समजू नये. तेथे पुष्कळ झाले आहेत. रेल्वेने तो घाट घेतलेला नाही. ती खांडबाऱ्यावरून नंदुरबारकडे, तापीच्या अधिक जवळून गेली आहे. आम्हीही तसेच करावयास सांगितले: विसरवाडीहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर आणि मग जळगाव. रस्ता अरुंद, गावे पुष्कळ, गुरेढोरे आडवी येणार, वेळ अधिक लागणार. त्या गृहस्थांनी विचारले, "धुळ्यावरून गेलो तर लवकर नाही का होणार?" होईल, असे आम्ही म्हणालो. परंतु लवकर पोचणे हा ह्या प्रवासाचा हेतूच नव्हता.

जळगावापासून पुढचा प्रवास म्हणजे काळ्या भूमीवरचा प्रवास. भुसावळ, मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर. उजवीकडे दूर अजिंठ्याची रांग, डावीकडे सातपुड्याची निळी रेघ आणि मध्ये तापीची बहीण पूर्णा. कापसाचा हा मुलूख जितका सपाट तितकाच तापट. अकोला ते अमरावती ह्या भागातील ७५ किलोमीटर लांबीचा एक पट्टा जून १९२२ नव्हे, जून २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत डांबरी करण्यात आला व त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. घाटात असे काम पाच महिन्यांतही होणे कठीण.

आता उंचीचे आकडे स्थूलमानाने पाहा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर, अकोला २८०, अमरावती ३४०, नागपूर ३१०, रायपूर ३००, संबलपूर १५० आणि कटक अवघे ३५. मुंबईहून आमच्या वाटेने अमरावतीस जावयास आठशेहून अधिक किलोमीटर पडतात आणि तेवढ्यात आपण ३४० मीटर चढतो. सरासरी काढा: दोन हजारांहून अधिक मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर. ह्याच्या उलट डोंगराळ भागातील सडकांसाठी आपल्याकडील इंजिनियरांचे सामान्य प्रमाण २० ला १ असे आहे. सरासरी पुष्कळ गोष्टी झाकून ठेवते हे खरे; पुलाचा चढ, टेकडीचा चढ तीत दिसत नाही. तरी दोन वाटांच्या स्वभावातील अंतर ह्या दोन आकड्यांत उघड दिसते.

अमरावती ते नागपूर हा भाग तापीचे खोरे सोडून वर्धा नदीच्या, म्हणजे गोदावरीच्या पाणलोटात उतरतो. तळेगाव व कोंढाळी ह्यांच्या बाजूस काही चढउतार व रान लागते. रेल्वे तिकडून न जाता बडनेरा, पुलगाव, वर्धा अशी दक्षिणेकडून गेली आहे. तेवढ्यासाठी आम्ही वाट बदलली नाही, कारण येथील सडक रुंद आहे व वळणे मोठी आहेत. घेरी चढापेक्षा वळणाने येते. नागपूरच्या पुढे भंडाऱ्यास वैनगंगा, साकोली-देवरीकडे वनातील टेकड्या, मग राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. येथे पुन्हा पाणलोट बदलतो व आपण महानदीच्या अंगणात येतो. आरंगच्या पुढे ती नदी ओलांडावयाची, आणि पिथौरा, सराईपाली, बरगड ह्या वाटेने संबलपूर गाठावयाचे. ज्यास पुढे कटकापर्यंत व समुद्रापर्यंत जावयाचे असेल त्याने रेढाखोल, अनुगुळ, ढेंकानाळ ही वाट धरावी. पूर्वघाट हा सह्याद्रीसारखा अखंड नाही. महानदी, गोदावरी व कृष्णा ह्यांनी तो ठिकठिकाणी तोडलेला आहे. पश्चिमेस तापीने जे केले तेच पूर्वेस महानदीने केले आहे. एका नदीच्या मुखातून शिरावे व दुसरीच्या मुखातून बाहेर पडावे, एवढीच ह्या प्रवासाची योजना.

तिची किंमतही सांगितली पाहिजे. नाशकावरून नागपुरास जाण्यापेक्षा ही वाट सुमारे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर लांब पडते. इंधन अधिक, पथकर अधिक, एक मुक्काम अधिक. शिवाय सपाट वाटेस तिचे स्वतःचे भय आहे, आणि ते आम्हास घाटाच्या भयापेक्षा कमी वाटत नाही. घाटात चालक जागा असतो, कारण त्याला भीती वाटत असते. सरळ सडकेवर दुपारच्या जेवणानंतर त्याला कशाचीच भीती वाटत नाही. तेव्हाच पापणी मिटते. चैत्र-वैशाखात खानदेश व विदर्भ येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी तापलेली डांबरी सडक आणि कमी वाऱ्याचे टायर ह्यांची गाठ पडू देऊ नये. म्हणून आम्ही नियम घालून दिला की पहाटे पाचास निघावे, अकराच्या आत मुख्य अंतर तोडावे, दुपारी विश्रांती घ्यावी आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामास पोचावे. मुक्काम असे ठरले: बारडोली, जळगाव, नागपूर, रायपूर, आणि पाचव्या दिवशी संबलपूर. जळगाव ते नागपूर हा सुमारे चारशे किलोमीटरांचा टप्पा सर्वांत लांब. तो न झेपल्यास अमरावतीस थांबावे असेही टिपून दिले.

काही वाचक म्हणतील की समृद्धी महामार्गाने ही सारी खटपट निरर्थक केली. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा भाग ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि कसाऱ्याजवळ सुमारे आठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा डोंगराच्या पोटातून गेला. काम निःसंशय मोठे आहे, आणि ज्याची गाडी व प्रकृती चांगली त्याने त्याच वाटेने जावे. परंतु बोगद्याने वळणे जातात. उंची जात नाही. देश कोकणाहून जितका वर आहे तितका वर राहणारच. चढ मंदावला, नाहीसा झाला नाही. ज्या मुलाने भूगोलाच्या तासास सह्याद्रीचा उभा छेद काढला असेल त्यास हे सांगावे लागू नये.

ती मंडळी वैशाखाच्या आधीच निघाली. जाताना आमच्या विद्यार्थिनीने एक वही बरोबर नेली होती व तीत प्रत्येक नदीचे नाव, ओलांडल्याची वेळ आणि पात्रात पाणी होते की नव्हते हे लिहून ठेविले होते. वही आम्ही पाहिली. पुष्कळ नावांपुढे "कोरडी" असा शेरा आहे. चौथ्या दिवशी सायंकाळी रायपुरास आजीबाईंनी लेकास विचारले म्हणे, "अरे, घाट केव्हा येणार? मी जीव मुठीत धरून बसले आहे." घाट आता यावयाचा नाही हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पाचव्या दिवशी दुपारी त्या लेकीच्या अंगणात स्वतःच्या पायांनी उतरल्या. पंधरा दिवस तेथे राहून सर्व मंडळी त्याच वाटेने परत आली. परतीस वाट बदलू नये असे आम्ही बजाविले होते, कारण पूर्वेकडून येताना नाशकाहून पुढे सडक मोठी मोहक असते आणि तो सारा घाट तेव्हा उताराचा असतो.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न देऊन ठेवतो. कोचीहून चेन्नईस मोटारीने जावयाचे आहे आणि घाट चढावयाचा नाही. सह्याद्रीच्या दक्षिण भागात भिंतीस एक रुंद खिंडार पडलेले आहे. त्यातून कोणती नदी पश्चिमेकडे वाहते, रूळ कोणत्या गावांवरून गेले आहेत आणि खिंडाराच्या दोन्ही अंगांस कोणते पर्वत आहेत, हे नकाशावरून शोधून वहीत आराखडा काढावा. आठवी व नववीच्या मुलांनी वह्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी आणाव्यात.